ताप उतरतो तेव्हा

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी प्रशासकाने जमाखर्च वाचावा आणि डॉक्टरांनी आरोग्यावर बोलावे, अशी आपल्याकडील प्रथा आहे. यंदा विश्वस्त मंडळाने ती मोडून तापाविषयी बोलण्याचे काम आमच्याकडे सोपविले. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. रोगनिदान हा आमचा प्रांत नव्हे. परंतु बाह्यरुग्ण विभागाच्या नोंदवहीत 'तक्रार' या रकान्यात सर्वाधिक वेळा लिहिला जाणारा शब्द 'ताप' हाच आहे, आणि केसपेपरच्या खिडकीशी होणारी निम्मीअधिक वादावादीही तापावरूनच होते. ती मिटविण्याचे काम आम्ही वर्षानुवर्षे करीत आलो आहोत. पुढे जे सांगणार आहोत ते आमच्या वैद्यकीय सहकाऱ्यांकडून समजून घेतलेले आहे आणि त्यांना आधी वाचून दाखविलेले आहे.

वादाचा विषय सहसा एकच असतो. "डॉक्टरांनी सुई दिली नाही, सलाईन लावले नाही, नुसत्या चार गोळ्या दिल्या, मग पैसे कसले घेतले?" हा प्रश्न विचारणाऱ्याचा आम्हांला राग येत नाही. घरातले माणूस तापाने फणफणलेले असते, आदली रात्र जागून काढलेली असते. अशा वेळी काहीतरी मोठे केले जावे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जो रुग्ण पाणी पिऊ शकतो, पेज घेऊ शकतो, त्याला सलाईनमधून मिळते ते पाणी, मीठ आणि फार तर थोडी साखर. ते घरच्या पेजेत मिठाचा खडा टाकूनही मिळते. सलाईन लावले तर आमच्या जमेच्या बाजूस चार पैसे अधिक पडतील, हे खरे. ते आम्ही पडू देत नाही, याचे श्रेय विश्वस्तांना आहे.

ताप म्हणजे काय, हे आता थोडे सविस्तर पाहू. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक लहानसा भाग असतो. शरीराची उष्णता किती ठेवावयाची, ते तो ठरवितो. जंतूंनी शरीरात प्रवेश केला की रक्तातील पांढऱ्या पेशी काही रसायने सोडतात. त्यांच्यामुळे प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य तयार होते आणि मेंदूतील हा नियंत्रक आपली पातळी वर सरकवितो. समजा, शरीर ९८ अंशांवर आहे आणि नियंत्रकाने १०२ ची आज्ञा दिली; तर शरीराला आपण थंड आहोत असे वाटू लागते. म्हणून हुडहुडी भरते, हातपाय गार पडतात, माणूस दोन गोधड्या मागतो. स्नायूंची ती थरथर उष्णता निर्माण करण्यासाठीच असते. पातळी पुन्हा खाली आली की घाम फुटतो. म्हणजे ताप हा बहुधा शरीराने स्वतःच घेतलेला निर्णय असतो. वाढलेल्या उष्णतेत अनेक जंतूंची वाढ मंदावते आणि पांढऱ्या पेशींचे काम वेग घेते, असे शास्त्र सांगते. तापाच्या या उपयोगावर एके काळी एवढा विश्वास होता, की उपदंशाने मेंदूवर परिणाम झालेल्या रुग्णांना मुद्दाम हिवतापाची लागण करून ताप आणणारे व्हिएन्नाचे डॉक्टर वाग्नर-याउरेग यांना १९२७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पेनिसिलिन आल्यावर ती जोखमीची पद्धत मागे पडली, आणि बरेच झाले.

पॅरासिटामॉलची गोळी त्या प्रोस्टाग्लँडिनला अटकाव करते; नियंत्रक खाली येतो, रुग्णाला बरे वाटते. जंतूंना मात्र ती काहीही करीत नाही. त्यामुळे "गोळीने ताप उतरला, म्हणजे आजार साधा" हा हिशेब चुकीचा आहे, आणि "चार तासांनी पुन्हा चढला, म्हणजे औषध लागू पडले नाही" हाही चुकीचाच.

९८.६ हा आकडा आपल्या मनात इतका पक्का बसला आहे, की ९९ दिसताच घरात धावपळ सुरू होते. हा आकडा जर्मन वैद्य वुंडरलिश यांनी हजारो रुग्णांची तापमाने नोंदवून १८६८ मध्ये मांडला. प्रत्यक्षात निरोगी माणसाचे तापमान पहाटे कमी आणि सायंकाळी अधिक असते. माणसागणिक आणि वयागणिकही थोडा फरक पडतो. आमचे डॉक्टर १००.४ च्या पुढे ताप मानतात. आणि ताप मानला तरी लगेच तो उतरविलाच पाहिजे, असे नाही. १०१ ताप असूनही खेळणारे, पाणी मागणारे मूल आणि १०० असून मान टाकून पडलेले मूल यांत डॉक्टर दुसऱ्याकडे आधी धावतात. गोळी द्यावयाची ती अंगदुखी, डोकेदुखी, बेचैनी कमी व्हावी म्हणून. थर्मामीटरचे समाधान करण्यासाठी नव्हे.

मात्रेविषयी थोडे थांबून बोलणे आवश्यक आहे, कारण येथे शिकलेली घरेही चुकतात. मुलाला पॅरासिटामॉल वयावरून नव्हे, वजनावरून द्यावे लागते: एका वेळी, दर किलोस १० ते १५ मिलिग्रॅम. म्हणजे १० किलोच्या मुलास १०० ते १५०. आता अडचण अशी की, बाजारातील थेंबांच्या बाटलीत सामान्यतः एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम औषध असते, तर एका प्रकारच्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरमध्ये १२५ आणि दुसऱ्यात तेवढ्यातच २५०. थेंबांची बाटली संपली म्हणून सिरप आणले, आणि 'एक चमचा' हाच शब्द घरात चालू राहिला, तर मात्रा चुकते. बाटलीबरोबर मिळणारे मापाचे झाकण वापरावे, चहाचा चमचा वापरू नये. दोन मात्रांत निदान चार तासांचे अंतर ठेवावे आणि दिवसात चारहून अधिक मात्रा देऊ नयेत. मोठ्या माणसाच्या पोटात दिवसभरात ४ ग्रॅमपेक्षा अधिक जाता कामा नये. ज्याचे यकृत दुबळे आहे किंवा जो नित्य मद्यपान करतो, त्याच्यासाठी ही मर्यादा आणखी खाली आहे. सर्दीच्या गोळीतही पुष्कळदा पॅरासिटामॉल असते, हे ध्यानात येत नाही. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. निमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांसाठी वापरण्यास २०११ पासून आपल्या देशात बंदी आहे. तरीही जुन्या चिठ्ठीवरून ते मागणारे येतात.

पट्ट्यांविषयी विचारणा होते. आमच्या लहानपणी कोलनवॉटरच्या पट्ट्या ठेवीत. आज डॉक्टर सांगतात की साध्या किंवा कोमट पाण्याने अंग पुसावे. बर्फ नको, स्पिरिट नको. अंगावर गोधड्यांचा ढीगही नको.

तापात मुलाला झटका आला तर आईबापांच्या तोंडचे पाणी पळते. सहा महिने ते पाच वर्षे या वयात असे होऊ शकते आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत थांबते. मुलाला कुशीवर वळवावे. कांदा, चप्पल हुंगवू नये; दातांत चमचा घालू नये. पाच मिनिटांत थांबले नाही तर वाहन मिळेल त्याने रुग्णालय गाठावे. थांबले तरी पहिल्या वेळी डॉक्टरांना दाखवावेच. आणि तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ ताप भरला, तर गोळी देऊन वाट पाहू नये. रात्री दोन वाजता असला तरी यावे. आमचे दार उघडे असते.

कारणांची यादी सांगू लागलो तर सभा संपणार नाही. बहुसंख्य ताप विषाणूंचे असतात आणि प्रतिजैविकांविना बरे होतात. म्हणून ती औषधे आमच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मागू नयेत. आपल्या कोकणाचे मात्र काही खास ताप आहेत. भातलावणीच्या दिवसांत चिखलात अनवाणी उभे राहणाऱ्याच्या पायाला चीर असली, तर उंदरांच्या मूत्रातून आलेला लेप्टोचा जंतू तेथून शिरतो. मुंबईने जुलै २००५ च्या पुरानंतर हा आजार पाहिला. आपल्याकडे त्याला पूर लागत नाही, शेत पुरते. पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे, लघवी कमी होणे ही त्याची चिन्हे. झुडपांतील बारीक किडीच्या चाव्याने होणाऱ्या स्क्रब टायफसमध्ये कधी काखेत, कधी जांघेत छोटी काळी खपली सापडते. डॉक्टर कपडे बाजूला करून तपासू लागले तर संकोच करू नये. सन २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात माकडतापाचे रुग्ण आढळले. म्हणून डॉक्टर विचारतात, की शेतात गेला होता का, रानात गेला होता का, गावात माकड मेले होते का. हे प्रश्न चौकशीखातर नसतात. निम्मे निदान त्यांतच होते. थंडी वाजून आलेल्या तापात हिवतापासाठी रक्ताची काच तपासावीच लागते. दोन आठवडे संध्याकाळी येणारी कसर, सोबत खोकला आणि घटणारे वजन असेल तर थुंकीची तपासणी टाळू नये. आणि एप्रिल-मेच्या उन्हात काम करताना अंग भाजल्यासारखे तापून माणूस बरळू लागला, तर तो ताप नव्हेच. तो उष्माघात. तेथे नियंत्रक वर गेलेला नसतो, शरीरच हरलेले असते. पॅरासिटामॉलचा उपयोग शून्य. सावलीत आणून पाणी ओतावे, वारा घालावा आणि रुग्णालयात हलवावे.

आता जे सांगण्यासाठी आम्ही हे काम स्वीकारले, ते सांगतो. ते आमच्या चुकीविषयी आहे.

काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एक शेतकरी भगिनी डेंग्यूने आपल्याकडे दाखल होती. पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला. पतीच्या हातातले पैसे संपत आले होते, घरी गुरे होती. त्याने घरी सोडण्याची विनंती केली. वॉर्ड भरलेला होता, व्हरांड्यात खाटा लागल्या होत्या. मोठ्या डॉक्टरांची फेरी संध्याकाळी होती. आम्ही खिडकीशी त्याची अडचण ऐकली, बिल तत्परतेने करून दिले, काही रक्कम माफही केली आणि आपण चांगले काम केले अशा समाधानात राहिलो. दुसऱ्या दिवशी पहाटे तिला परत आणले तेव्हा हातपाय थंड होते, पोटात कळा होत्या, नाडी हाताला लागत नव्हती. चार दिवस ती अतिदक्षता विभागात होती. ती वाचली. तिच्या पतीने आम्हांला एवढेच विचारले, "साहेब, ताप तर नव्हता. मग झालं काय?"

त्याचे उत्तर आम्हांला त्या दिवशी देता आले नाही. ते असे आहे: डेंग्यूमध्ये तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो आणि नेमके त्याच सुमारास काही रुग्णांच्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्तातील पाणी बाहेर झिरपू लागते. रक्त दाट होते, रक्तदाब खचतो. हे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास जोखमीचे असतात. नातेवाईकांचे सारे लक्ष प्लेटलेटच्या आकड्यावर खिळलेले असते. परंतु पोटात सतत दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून रक्त, गार पडणारे हातपाय, लघवी कमी होणे, अस्वस्थता किंवा गुंगी, ही चिन्हे त्या आकड्याइतकीच, कित्येकदा अधिक बोलकी असतात. डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांपैकी काहीही घेऊ नये, रक्तस्राव वाढतो.

त्या प्रसंगानंतर आम्ही नियम केला. डेंग्यूचा रुग्ण गोळीविना निदान चोवीस तास तापमुक्त राहिल्यावर आणि डॉक्टरांनी पाहिल्यावरच बिलाची फाईल आमच्याकडे येईल. कोणी कितीही घाई केली तरी आधी येणार नाही. यामुळे एक-दोन दिवसांचा मुक्काम वाढतो आणि तो खर्च कोणी सोसावयाचा हा प्रश्न उभा राहिला. उच्च न्यायालयाच्या २००६ मधील योजनेनुसार आपण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत ठेवतो. निर्धन रुग्णाचे त्यातून भागते. परंतु जो कागदोपत्री निर्धन नाही आणि ज्याच्या खिशात पैसेही नाहीत, असा मधला माणूस आपल्या तालुक्यात पुष्कळ आहे. त्याच्या या वाढीव दिवसाचे खाटभाडे घ्यावयाचे नाही, असा ठराव विश्वस्तांनी केला. अहवालाच्या खर्चाच्या बाजूस 'निरीक्षण मुक्काम सवलत' अशी एक ओळ आपणांस दिसेल. लेखापरीक्षकांनी तिच्याविषयी विचारणा केली होती. देणगीदारांनी विचारली तर आम्हांला आनंदच होईल, कारण त्यांच्या देणगीतील काही भाग त्या ओळीत गेला आहे.

तापाच्या प्रत्येक रुग्णाबरोबर आता एक पिवळे कार्ड दिले जाते. ताप कोणत्या दिवशी सुरू झाला, गोळी किती वाजता दिली, लघवी किती वेळा झाली, एवढेच त्यावर घरच्यांनी लिहावयाचे आहे. मागच्या बाजूस आत्ता सांगितलेली धोक्याची चिन्हे मोठ्या अक्षरांत छापली आहेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आमच्या परिचारिका ती वाचून दाखवितात. कार्ड केसपेपरच्या खिडकीवर विनामूल्य मिळते. चहापानानंतर ज्यांना हवे असेल त्यांनी न्यावे. शेजाऱ्यांसाठीही एखादे अधिक नेण्यास हरकत नाही.