चुंबकाचा पट्टा आणि बाईचं दुखणं
(महिला आरोग्य कार्यकर्त्यांच्या शिबिरातल्या भाषणाचं शब्दांकन)



आजच्या सत्राचा विषय तुमच्याच चिठ्ठ्यांमधून आला आहे. कुणी विचारलं आहे, चुंबकाच्या पट्ट्यानं कंबर खरंच थांबते का? कुणी विचारलं आहे, बचत गटातल्या बायका कर्ज काढून चुंबकाची गादी घेतायत, त्यांना काय सांगू? एकीनं लिहिलंय, डॉक्टर नीट बोलत नाही, चुंबकवाल्या ताई तासभर बसून ऐकतात, मग बायका तिकडेच जाणार ना?

हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

बाईचं दुखणं कुणाला दिसत नाही, हे आपण वर्षानुवर्षं बोलतोय. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांमधल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि ती १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता. त्याआधी कधी तशी तपासणी झाली होती अशा बायका होत्या फक्त ८ टक्के. म्हणजे दुखणं घरोघर आणि दवाखाना मात्र कोसावर.

आणि दवाखाना गाठला तरी काय होतं? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ साली गाजला. सरकारला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. अंगावरून जातंय, ओटीपोट दुखतंय म्हणून गेलेली बाई पिशवी काढूनच परत येते, हे ज्या भागात घडतं तिथल्या बाईला बिनऔषधाचा, बिनचिरफाडीचा पट्टा बरा वाटला तर त्यात तिचा मूर्खपणा नाही. तिनं पाहिलेल्या जगातून तिनं काढलेलं ते अनुमान आहे. त्यामुळे कार्यकर्तीनं तिच्यापुढे जाऊन ‘हे थोतांड आहे’ असं म्हणून चालणार नाही. आधी चुंबक काय करतो आणि काय करत नाही, हे आपल्याला नीट माहीत हवं.

विकणारे सांगतात की रक्तात लोह असतं, चुंबक त्याला ओढतो, रक्त सळसळतं आणि दुखणं जातं. आता रक्तातलं लोह म्हणजे खिळ्यातलं लोखंड नव्हे. ते हिमोग्लोबिनच्या रेणूत बांधलेलं असतं. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल या शास्त्रज्ञांनी १९३६ साली दाखवलं की प्राणवायू भरलेलं रक्त चुंबकापासून अगदी किंचित दूर ढकललं जातं आणि प्राणवायू सोडलेलं रक्त किंचित ओढलं जातं. हे ओढणं इतकं क्षीण आहे की वाहत्या रक्तावर पट्ट्यातल्या चुंबकाचा काही परिणाम व्हावा असं त्यात काही नाही.

दुसरी गोष्ट तुम्ही स्वतः पडताळू शकता. कंबरदुखीच्या पेशंटला एमआरआय काढायला पाठवतात. ते यंत्र म्हणजे एक प्रचंड चुंबकच. नेहमीच्या एमआरआयची ताकद दीड टेस्ला असते, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून जास्त. बाई त्यात वीस-तीस मिनिटं निजते. चुंबकानं कंबर बरी होत असती तर फोटो काढून झाल्यावर ती हसत घरी गेली असती आणि पुढचा खर्च वाचला असता.

चुंबकावर ठेवलेल्या पाण्याचंही तसंच. उत्तर ध्रुवाचं पाणी वेगळं, दक्षिण ध्रुवाचं वेगळं, असं सांगून बाटल्या भरून ठेवायला लावतात. पाणी चुंबकत्व साठवून ठेवत नाही. स्वच्छ असेल तर प्यायला हरकत नाही, पण ते औषध नव्हे.

आपल्या देशात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे, असं २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं. ज्या बाईच्या रक्तात लोहच कमी आहे, तिला लोहाच्या गोळ्या आणि भाजी-डाळ देण्याऐवजी ‘रक्तातलं लोह जागं करणारा’ पट्टा विकणं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

हा धंदा नवा नाही. १७७४ च्या सुमाराला व्हिएन्नात फ्रान्झ मेस्मर नावाच्या डॉक्टरनं एका आजारी बाईवर लोहचुंबक लावून उपचार सुरू केले. पुढे तो म्हणू लागला की लोहचुंबकाचीही गरज नाही, माझ्या हातातच चुंबकशक्ती आहे. मारिया तेरेसिया फॉन पारादीस ही लहानपणापासून अंध असलेली पियानोवादक १७७७ साली त्याच्याकडे होती. त्याआधी मोठमोठ्या डॉक्टरांनी तिला जळवा लावल्या होत्या, विजेचे झटके दिले होते. मेस्मरनं दावा केला की तिला दिसू लागलंय. घरच्यांशी वाद झाला, त्यांनी तिला परत नेलं. ती अंधच राहिली. पण ती युरोपभर मैफली करत फिरली, तिनं संगीतरचना केल्या आणि पुढे संगीताची शाळा काढली. इतिहासात तिचं नाव येतं ते बहुधा ‘मेस्मरची पेशंट’ म्हणून, हेही ध्यानात ठेवा.

१७८४ साली फ्रान्सच्या राजानं मेस्मरच्या या पद्धतीची चौकशी करवली. समितीत बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते. त्यांनी डोळे बांधून प्रयोग केले. आपल्यावर शक्ती सोडली जातेय असं वाटलं की पेशंटला झटके येत, खरोखर सोडली पण तिला कळू दिलं नाही तर काहीच होत नसे. निष्कर्ष बरोबर होता. पण त्याच समितीनं राजाला एक गुप्त अहवालही दिला. त्यात म्हटलं होतं की उपचार करणारे नेहमी पुरुष आणि पेशंट बहुतेक बायका, त्यामुळे नीतीला धोका आहे. बायकांच्या नसा नाजूक, कल्पना भडक, असा त्याचा सूर. म्हणजे फसवणारा सुटला आणि बाईच्या स्वभावावर ठपका आला. आपल्याला ही दुसरी चूक करायची नाही.

इंग्लंडमधला जॉन हेगार्थ हा डॉक्टर मला जास्त जवळचा वाटतो. त्या काळी धातूच्या दोन अणकुचीदार कांड्या अंगावर फिरवून दुखणं ओढून काढायची टूम होती. हेगार्थनं १७९९ साली तशाच दिसणाऱ्या लाकडी कांड्या करून पाच पेशंटांवर फिरवल्या. पाचातल्या चौघांना आराम पडला. त्यानं पेशंटला खोटं ठरवलं नाही. आराम खरा होता. फक्त तो कांडीच्या धातूतून आलेला नव्हता.

अलीकडच्या चाचण्याही याच रीतीनं झाल्या. निम्म्या लोकांना खरा चुंबक, निम्म्यांना तसाच दिसणारा पण चुंबकत्व नसलेला तुकडा. कुणाला काय मिळालं ते पेशंटलाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. १९९७ साली अमेरिकेत पोलिओनंतरच्या दुखण्याच्या ५० पेशंटांवर झालेल्या अशा चाचणीत चुंबकाला चांगलं यश दिसलं. विकणारे अजूनही तिचाच दाखला देतात. त्यानंतरचं मात्र सांगत नाहीत. २००० साली कंबरदुखीवर आणि २००३ साली टाचदुखीवर चाचण्या झाल्या, त्यांत खऱ्या आणि नकली चुंबकात फरक आढळला नाही. २००४ साली ब्रिटनमध्ये गुडघे आणि खुबे दुखणाऱ्या १९४ जणांची चाचणी झाली, तिच्यात चुंबकाच्या कड्यानं थोडा जास्त आराम दिसला. पण किल्ली चिकटवून पाहिली की आपलं कडं खरं की नकली ते कळतं, त्यामुळे तो आराम चुंबकाचा की विश्वासाचा, हे सांगता येत नाही असं संशोधकांनीच लिहिलं. २००७ साली सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. दुखण्यावर अशा चुंबकांचा उपयोग होतो याला पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला. २०१३ साली संधिवाताच्या ७० पेशंटांवर तांब्याची कडी आणि चुंबकाचे पट्टे तपासले, तिथेही तेच.

मग बायका ‘मला बरं वाटलं’ म्हणतात ते का? एक तर दुखणं चढतं आणि उतरतं. खूप चढलं की आपण उपाय शोधतो आणि मग ते आपोआप उतरलं तरी श्रेय उपायाला जातं. दुसरं, पट्टा बांधलेल्या बाईला घरात कुणी तरी म्हणतं, ‘आज वाकू नको, हंडा मी आणतो.’ तिसरं, कुणीतरी तिचं ऐकून घेतलेलं असतं. यातली शेवटची दोन औषधं आपल्या हातात आहेत आणि त्यांना पैसे पडत नाहीत.

एक खुलासा करायला हवा. विजेच्या साहाय्यानं सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार करणारी यंत्रं वेगळी. न जुळणाऱ्या हाडासाठी अशा यंत्राला अमेरिकेत १९७९ साली मान्यता मिळाली, नैराश्यावरच्या उपचारासाठी २००८ साली. ती डॉक्टरच्या देखरेखीखाली वापरतात. त्यांचं नाव सांगून कुणी तुम्हाला पट्टा विकत असेल तर ती फसवणूक समजा.

आता जनावरांचं. तुमच्यातल्या बऱ्याच जणी गाईगुरं सांभाळता. जनावराला कुठं विश्वास-बिश्वास असतो, म्हणून त्याला बरं वाटलं की उपाय खराच, असं विकणारे म्हणतात. पण बैल कमी लंगडतोय हे ठरवतं कोण? आपणच. पैसे आपण घातलेले असतात, आशा आपली असते. गुरांच्या बाबतीत चुंबकाचा खरा उपयोग एकच, आणि तो फार चांगला आहे. गाय वैरणीबरोबर, उकिरड्यावरच्या कचऱ्याबरोबर खिळे नि तारेचे तुकडे गिळते. ते पोटाच्या जाळीदार कप्प्यात अडकतात आणि तिथून टोचत हृदयापर्यंत जाऊ शकतात. पशुवैद्य गाईला गुळगुळीत चुंबक गिळायला लावतात. तो त्या कप्प्यात राहतो आणि लोखंड धरून ठेवतो. चुंबक लोखंड ओढतो, एवढंच तो जाणतो. प्लॅस्टिकची पिशवी त्याला ओढता येत नाही आणि बैलाचा सांधाही बरा करता येत नाही.

घरात लहान मूल असेल तर चुंबकाचे सुटे तुकडे ठेवू नका. दोन तुकडे पोटात गेले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांमधून एकमेकांना चिकटतात आणि आतडं फाटतं. हृदयाला पेसमेकर बसवलेल्या माणसानं चुंबक छातीजवळ नेऊ नये.

राहिला पैशाचा प्रश्न. गादी विकणारी बहुतेक आपल्यातलीच बाई असते. आधी तिनं गादी घेतलेली असते आणि पैसे सुटायचे तर खाली चार जणी जोडाव्या लागतात. चुंबकाच्या वस्तूंवर उभी असलेली जपान लाइफ ही जपानमधली मोठी कंपनी २०१७ साली बुडाली, हजारो लोकांची, त्यांत पुष्कळ म्हाताऱ्यांची, बचत गेली आणि २०२० साली तिच्या माजी प्रमुखाला अटक झाली. आपल्याकडे साखळी जोडून पैसे फिरवण्याच्या योजनांवर १९७८ च्या कायद्यानं बंदी आहे आणि थेट विक्रीसाठी २०२१ चे नियम आहेत. शिवाय १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे. मासिक पाळीचे विकार, गर्भाशयाचे आजार, वंध्यत्व, संधिवात, मधुमेह, रक्तदाब बरा करतो अशी जाहिरात त्यानुसार करता येत नाही. तेव्हा पत्रक फेकू नका, जपून ठेवा. पावती मागा. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर गटाच्या वहीत लिहून ठेवा.

गटात एक प्रयोग करून बघा. सारख्या कापडात शिवलेले दहा पट्टे घ्या, पाचात चुंबक, पाचात साधं लोखंड. यादी तिसऱ्याच बाईकडे ठेवा. पंधरा दिवस प्रत्येकीनं दुखणं वहीत लिहायचं, मग यादी उघडायची. टाचणी लावून पाहायची नाही, एवढी शपथ घ्या! दहा जणींवरून शास्त्र सिद्ध होत नाही, पण प्रश्न कसा विचारायचा ते कळतं.

आणि काही दुखण्यांत पट्टा बांधून दिवस घालवायचे नाहीत. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणं, दोन पाळ्यांमध्ये रक्तस्राव, तापासह ओटीपोटात दुखणं, स्तनात गाठ, कंबरदुखीबरोबर पाय बधिर होणं किंवा लघवीवरचा ताबा जाणं. अशी बाई दिसली की तिला एकटीला दवाखान्यात पाठवू नका. आपल्यातली एक सोबत जाऊ दे. तपासणी झाली का, कागदावर काय लिहिलं, पिशवी काढायला सांगितलं तर का, हे तिनं विचारायचं.

तासभर बसून ऐकणारी बाई आज चुंबकवाल्यांकडे आहे. ती आपल्या गटात असली पाहिजे. आजपासून प्रत्येक गटानं बैठकीतला अर्धा तास फक्त दुखण्याच्या बोलण्यासाठी ठेवावा, असा प्रस्ताव मी मांडते. आता तुम्ही बोला.