औषधाची टाकी कोळंबीला देताना

आपल्या भागात शोभेचे मासे पाळणारे बरेच बचत गट आहेत. काही गटांनी आता त्याच जोडीला लाल चेरी कोळंबी आणि शोभेच्या गोगलगाई सुरू केल्या आहेत. बैठकांमधून एक प्रश्न सारखा येतो: “ताई, आजारी माशांना औषध देण्यासाठी ठेवलेली टाकी आता रिकामीच आहे. धुऊन तिच्यात कोळंबी सोडली तर चालेल का?” आज त्यावरच बोलू या.

थोडक्यात उत्तर असं: काच वाचवता येते, पण टाकीतल्या वस्तू बहुधा वाचत नाहीत. आणि काही औषधं अशी आहेत, की ती पडलेली टाकी कोळंबीला कधीच देऊ नये. म्हणून धुवायला घेण्याआधी पहिला प्रश्न विचारायचा: या टाकीत आजवर कोणकोणतं औषध पडलं?

सगळ्यात जपायचं ते तांब्याला. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरच्या काही औषधांत तांबं असतं. आपल्याला ते मोरचूद म्हणून माहीत आहे. सुपारीच्या बागेत कोळेरोगासाठी 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 100 लिटर पाणी असं बोर्डो मिश्रण करतात, तेच हे मोरचूद. कोळंबीच्या रक्तात तांबं मुळातच असतं. आपल्या रक्तात जे काम लोह करतं, ते तिच्याकडे तांबं करतं. पण पाण्यातून जास्तीचं तांबं आलं, की ते तिच्या कल्ल्यांना बाधतं. ज्या मात्रेत मासा बरा होतो, त्या मात्रेत कोळंबी आणि गोगलगाय मरू शकतात. समुद्री माशांना लिटरला 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम तांबं देतात. लिटरभर पाण्यात मिलिग्रॅमचा पाचवा भाग, म्हणजे डोळ्यांना काहीच दिसणार नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ असतं, साबणाला पटकन फेस येतो. अशा पाण्यात तांबं जास्त विषारी ठरतं, कारण त्याला धरून ठेवणारे क्षार पाण्यात कमी असतात. म्हणून दुसऱ्या गावच्या गटाला जे चाललं, ते आपल्याला चालेलच असं नाही.

आता टाकीतल्या वस्तूंचं बघू. बोर्डो मिश्रणात चुना का घालतात? तो तांबं धरतो, म्हणून ते पानावर आणि घोसावर टिकतं. टाकीतही तेच होतं. शिंपले, चुनखडीचे खडे, लाकूड, फिल्टरचा स्पंज, हवेचा दगड ही सगळी मंडळी तांबं धरून बसतात. पाणी बदललं की वाटतं, झालं स्वच्छ. पुढे महिन्याभरात पाणी थोडं आंबट झालं, की धरलेलं तांबं सुटायला लागतं. तोवर कोळंबीने अंडी धरलेली असतात. म्हणून खडे, लाकूड, स्पंज, नळ्या कोळंबीच्या टाकीत घ्यायच्याच नाहीत. त्या औषधाच्या कामालाच ठेवा. सिमेंटच्या टाकीचंही तसंच: सिमेंट तांबं धरतं, तेव्हा औषध दिलेली सिमेंटची टाकी कोळंबीला नको.

काचेची टाकी अशी तयार करा. आतलं पाणी विहिरीपासून, ओढ्यापासून, खाडीपासून दूर जमिनीत मुरू द्या. पाण्याच्या रेषेवर काचेला पांढरा थर बसलेला असतो. तांबं त्याच थरात अडकतं. तिथे व्हिनेगर लावून तासभर ठेवा आणि थर पूर्ण निघेपर्यंत घासा. साबण वापरू नका. आणि लक्षात ठेवा, व्हिनेगर आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. मग टाकी भरा, एक दिवस ठेवा, रिकामी करा. दर वेळी दहावा भागच पाणी मागे राहिलं, असं धरलं तर तीन वेळात हजारावा भाग उरतो. त्यानंतर दोन-तीन दिवस कडक उन्हात कोरडी करा.

रंगीत औषधांचं, म्हणजे मिथिलीन ब्लू आणि मॅलाकाइट ग्रीनचं, थोडं वेगळं आहे. त्यांचा रंग काचेच्या सांध्यातल्या सिलिकॉनला लागतो. त्यासाठी धुतल्यावर ॲक्टिव्हेटेड कार्बन घालून पाणी आठवडाभर फिरवा, रंग तो ओढून घेतो. पण तांब्यासाठी एकट्या कार्बनवर विसंबू नका. नुसतं मीठ दिलेलं असेल तर चांगलं धुणं पुरतं.

आता “कधीच नको” म्हणाले ती औषधं. माशांच्या अंगावर उवा आणि सुईसारखे किडे होतात, त्यांवर कीटकनाशकाच्या जातीची औषधं देतात. हे परजीवी कोळंबीच्याच कुळातले आहेत. जे त्यांना मारतं, ते कोळंबीला कसं सोडेल? अशी टाकी कायम माशांनाच द्या. जंतांच्या औषधांपैकी फेनबेंडाझोल गोगलगाईंना बाधतं, तेही ध्यानात असू द्या.

धुणं झालं म्हणून लगेच सोडायचं नाही. तांबं मोजायचे थेंबांचे किट मिळतात. विकत घेताना विचारा, की औषधात दुसऱ्या द्रव्याला बांधलेलं तांबंही हे किट दाखवतं का. कोळंबीच्या टाकीत आकडा शून्यच हवा. त्यानंतर जिवंत परीक्षा घ्या. तयार टाकीत दोन-तीन साध्या कोळंब्या सोडा आणि शेजारच्या, कधीच औषध न पडलेल्या बादलीत त्याच विहिरीच्या पाण्यात तितक्याच. दोन्हींत हवा आणि खाणं सारखं द्या. दोन-तीन आठवडे बघा, कारण कात टाकताना कोळंबी सर्वांत नाजूक असते. टाकीतल्याच मेल्या तर दोष टाकीचा. दोन्हीकडच्या मेल्या तर दोष पाण्याचा. कोळंबी सारखं काहीतरी टिपत असेल तर ठीक. ती कडेवर पडली, वेड्यासारखी धावली, किंवा गोगलगाय झाकण मिटून पडून राहिली, तर थांबा.

एक चूक मात्र टाळा. औषधाने फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मरतात. अशा टाकीत कोळंबी मेली, की आपण तांब्यावर ढकलतो, पण खरं कारण साठलेला अमोनिया असतो. म्हणून औषध न दिलेल्या निरोगी टाकीतला जुना स्पंज नव्या टाकीत लावा आणि तीन-चार आठवडे टाकी मुरू द्या.

हे सगळं ऐकून कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, नवी टाकी घ्यावी. खरंय, परवडत असेल तर तीच वाट सोपी. पण गटाच्या कर्जातून घेतलेली टाकी टाकून देणं प्रत्येकीला जमत नाही, आणि कोळंबीची पहिली बॅच मेली की सदस्यांचा हप्ता आणि उत्साह दोन्ही जातात. म्हणून आजपासून एवढं करा: प्रत्येक टाकीला क्रमांक द्या आणि गटाच्या वहीत एक पान ठेवा. कोणत्या तारखेला, कोणतं औषध, किती दिलं. बाटलीवरच्या बारीक अक्षरांत “कॉपर” हा शब्द शोधा आणि लिहा. औषधाच्या टाकीवर, तिच्या जाळीवर आणि बादलीवर लाल रंगाची खूण करा. औषधाची जाळी कोळंबीच्या पाण्यात बुडवली, तर सगळी मेहनत वाया जाते.

आपण पैशाची नोंद चुकवत नाही, मग औषधाची का चुकवावी? ज्या टाकीचं पान कोरं आहे, तिच्यात कोळंबी सोडू नका. आणि विकत आणलेली कोळंबी किंवा गोगलगाय ओढ्यात, तळ्यात सोडू नका, ती इथली नाही. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.