पाचशे तीस क्रमांकाचे कपाट

मी कवी आहे आणि माझे शिक्षण बी.ए.पर्यंतचे. पदार्थविज्ञानाशी माझे नाते शाळेतल्या लोहचुंबकापाशीच संपले. असा माणूस भौतिकशास्त्राच्या संशोधनाची साधने कशी शोधावीत यावर बोलायला बसला, तर तुम्हाला नवल वाटेल. पण माझी भाची बदलापूरला राहते, उल्हासनगरच्या एका महाविद्यालयात एम.एस्सी. करते. तिच्या प्रकल्पाच्या निमित्ताने मी जे पाहिले, ते अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरच्या प्रत्येक घरापर्यंत पोचावे असे वाटते.

आधी तिचा विषय सांगतो. आमच्या पट्ट्यात रासायनिक कारखाने पुष्कळ. जून २०२१ मध्ये बदलापुरात आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथला वायुगळती झाली, लोकांचे डोळे चुरचुरले, श्वास कोंडला. रात्री उग्र वास आला की आमच्याकडे माणसे खिडक्या लावून घेतात आणि एकमेकांना विचारतात, कसला असेल हो? भाचीला याच प्रश्नाचे उत्तर हवे होते. हवेतला वायू ओळखणारा स्वस्त संवेदक तिला करून पाहायचा होता.

त्यामागचे शास्त्र तिने मला समजेल अशा भाषेत सांगितले. झिंक ऑक्साइड म्हणजे मलमात असते तीच पांढरी पूड. तिचा अतिशय पातळ थर काचेवर बसवायचा आणि तो तापवायचा. हवेतला प्राणवायू त्या थरावर चिकटतो आणि त्यातले इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतो. त्यामुळे वीज जायला अडथळा वाढतो. पण अल्कोहोलची वाफ किंवा हायड्रोजनसारखा वायू आला, की तो चिकटलेल्या प्राणवायूशी संयोग पावतो, अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि अडथळा कमी होतो. हा फरक मोजला की वायू आल्याचे कळते. मी म्हटले, "अगं, हे तर पाहुण्यांनी दार अडवून बसावे आणि कुणीतरी येऊन त्यांना उठवावे, तसे झाले." ती हसून म्हणाली, "तसेच, मामू. पण कोणता पाहुणा उठला, ते ओळखणे अवघड."

त्या अवघड जागी ती अडली. हवा तो शोधनिबंध संगणकावर सापडे, चार ओळींचा सारांश दिसे आणि पुढे कुलूप. एका निबंधाला तीस-चाळीस डॉलर! असे वीस-पंचवीस निबंध लागणार. ती विषय बदलायला निघाली होती. तयार प्रकल्प विकत घे, असा सल्लाही एकाने दिला.

उल्हासनगरविषयी एक जुना विनोद आहे. इथल्या मालावर 'मेड इन यूएसए' लिहिलेले असते आणि त्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन'. फाळणीत सर्वस्व गमावून आलेल्या माणसांनी लष्करी छावणीच्या बराकींत, १९४९ साली वसलेल्या या गावात, हाताच्या कसबावर संसार उभे केले. त्या विनोदात मला तरी त्यांची हुशारीच दिसते. चपलेची नक्कल पायात घालून चालता येते. पण नकललेला प्रकल्प घेऊन वायू ओळखता येत नाही. तिथे मूळच लागते.

मूळ कुठे मिळते, ते तिला महाविद्यालयाच्या ग्रंथपाल मॅडमनी सांगितले. वर्षभर ती त्यांच्यासमोरून ये-जा करत होती. पुस्तक द्या, पुस्तक घ्या, यापलीकडे त्यांना कुणी काही विचारतच नव्हते.

त्यांनी पहिल्यांदा कपाट दाखवले. आपल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयांत पुस्तके ड्यूई यांच्या दशांश पद्धतीने लावतात. त्यात भौतिकशास्त्र ५३०, प्रकाश ५३५, वीज ५३७. पाया या कपाटात. ताजे संशोधन मात्र नियतकालिकांत असते आणि ती आता बहुतेक संगणकावरच येतात.

मग शोधगंगा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली नियम केला, की पीएच.डी.च्या प्रबंधाची संगणकीय प्रतही द्यावी. गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र हे प्रबंध शोधगंगेवर सर्वांसाठी खुले ठेवते. तिथे आज पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. आपल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पातळ थरांवर कित्येक वर्षे काम चालले आहे. तापलेल्या काचेवर द्रावणाचा फवारा मारून थर कसा बसवायचा, तापमान किती ठेवायचे, हे प्रबंधात सविस्तर असते. निबंधात जे दोन ओळींत उरकलेले असते, ते प्रबंधात वीस पानांत मिळते. आणि पैसा एक लागत नाही.

तिसरी जागा 'अर्काइव्ह'. पॉल गिन्सपार्ग या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९९१ साली ती सुरू केली. निबंध छापून येण्याआधीच शास्त्रज्ञ तो तिथे ठेवतात आणि जगात कुणीही फुकट वाचू शकतो. फक्त ध्यानात ठेवायचे, की तिथला प्रत्येक निबंध तज्ज्ञांनी तपासलेला असतोच असे नाही. बंगळूरच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसचे 'प्रमाण' हे भौतिकशास्त्राचे नियतकालिकही आहेच.

आणि उरलेल्या कुलपांचे काय? त्यासाठी विद्यापीठाचे ग्रंथालय. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिके. पण पहिल्या टप्प्यात घेतल्या त्या सरकारी व्यवस्थापनाखालच्या संस्था. आमच्या भागातली बरीचशी महाविद्यालये खाजगी संस्थांची. म्हणजे एकाच मुंबई विद्यापीठाची पदवी घेणाऱ्या दोन मुलांपैकी एकाला दार उघडे आणि दुसऱ्याला बंद! बदलापूरच्या मुलीने काय करावे? महाविद्यालयाचे पत्र आणि ओळखपत्र घ्यावे, आधी चौकशी करावी, कुर्ल्यापर्यंत लोकलची गर्दी सोसावी आणि कलिन्याचे विद्यापीठाचे ग्रंथालय गाठावे. भाचीने तसेच केले. जाताना हव्या त्या निबंधांची नावे आणि डीओआय क्रमांक वहीत लिहून नेले. प्रत्येक निबंधाचा हा कायमचा क्रमांक. तो हाती असला की शोधायला वेळ जात नाही. दोन फेऱ्यांत तिचे बरेचसे काम झाले. जे दोन निबंध मिळाले नाहीत, त्यांच्या लेखकांना तिने पत्र लिहिले. एकाने दुसऱ्या दिवशी प्रत पाठवली.

मला या साऱ्यात सर्वांत आवडली ती निबंधाच्या शेवटची संदर्भांची यादी. हदीसच्या अभ्यासात 'इस्नाद' पाहतात. हे वचन कुणी कुणाकडून ऐकले, त्याने कुणाकडून, अशी नावांची साखळी. एक कडी कच्ची निघाली तर वचनाचे वजन कमी होते. शास्त्रातही तेच. भाची एका आढावा घेणाऱ्या निबंधापासून निघाली आणि यादीच्या कड्या धरून मागे मागे गेली. मग त्या निबंधाचा आधार पुढे कुणी घेतला, हे पाहत पुढे आली.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचावा, हे त्यांतले तीन. जे पुस्तकाला लागू, ते संगणकावरच्या निबंधालाही. हजारो कोटींची नियतकालिके आली, तरी वाचक आणि निबंध यांची गाठ घालून देणारे माणूस लागतेच.

म्हणून महाविद्यालयांना एक विनंती आहे. प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात एक तास ग्रंथपालांना द्या. आपण इन्फ्लिबनेटच्या 'एन-लिस्ट' योजनेचे सभासद आहोत का, प्रवेशाचा परवलीचा शब्द कसा मिळतो, विद्यापीठात कुणाला भेटायचे, एवढे तरी मुलांना कळू द्या. आणि मुलांनो, तुम्ही विचारा. ग्रंथपालांना विचारायला लाजू नका.

भाचीचा संवेदक अजून प्रयोगशाळेच्या टेबलावरच आहे. अल्कोहोलची वाफ त्याला कळते, बाकीच्या वायूंत तो गोंधळतो. त्याच्यापुढचे काम कदाचित दुसरे कुणी करील, अंबरनाथचे किंवा उल्हासनगरचे. रात्री वास आला की खिडकी आपल्यालाच लावावी लागते. मग तो वास कशाचा, हे शोधणारी मुलेही आपल्यातूनच यायला हवीत. त्यांना मूळ कागद वाचायला मिळावेत, एवढेच आज सांगायचे होते.