तेलविहिरींतील अंतर : एका नियमाची कहाणी



शेताला बांध घालता येतो, भूगर्भाला घालता येत नाही. खनिज तेल आणि नैसर्गिक वायू खोलवरच्या सच्छिद्र खडकात दाबाखाली साठलेले असतात. विहीर खोदली की तेथील दाब कमी होतो आणि आजूबाजूचे तेल तिकडे वाहू लागते. दोन विहिरींत किती अंतर असावे हे शासनाने का ठरवावे, याचे उत्तर या निसर्गनियमातच आहे.

अमेरिकेत भूमीखालील खनिज सामान्यतः जमीनमालकाचे मानले जाते. १८८९ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या न्यायालयाने तेल व वायूची तुलना वन्य प्राण्यांशी केली. आपल्या जमिनीतील विहिरीतून जो ते वर काढील, तो त्याचा धनी, असा दंडक त्यातून रूढ झाला. शेजाऱ्याने बांधालगत विहीर घेतली तर आपणही घाईने घेणे, एवढाच उपाय उरला. १० जानेवारी १९०१ रोजी टेक्सासमधील स्पिंडलटॉप येथे तेलाचा प्रचंड फवारा उसळला आणि पाहता पाहता त्या टेकाडावर लाकडी मनोऱ्यांची दाटी झाली. दाब लवकर ओसरला. जे तेल नैसर्गिक दाबाने वर आले असते, त्यातील बराच भाग अशा घाईत खडकातच अडकून राहतो.

हा अपव्यय रोखण्याचे काम टेक्सासच्या रेल्वे आयोगाकडे आले. रेल्वेच्या नियमनासाठी १८९१ मध्ये स्थापन झालेल्या या आयोगाने १९१९ मध्ये ‘नियम ३७’ केला. त्यानुसार दोन विहिरींत किमान ३०० फूट आणि विहीर व जमिनीची हद्द यांत किमान १५० फूट अंतर आवश्यक ठरले. अपव्यय टाळण्यासाठी किंवा मालकाचा न्याय्य वाटा बुडू नये म्हणून अपवादाची तरतूदही ठेवण्यात आली.

या अपवादानेच नियमाची कसोटी पाहिली. ऑक्टोबर १९३० मध्ये पूर्व टेक्सासचे विशाल तेलक्षेत्र सापडले. तेथे लहान तुकड्यांचे मालक असंख्य होते. अंतराचा नियम काटेकोर लावावा तर लहान मालकाचे तेल शेजाऱ्याच्या विहिरीतून निघून जाणार. सूट द्यावी तर सर्वांचाच दाब घटणार. आयोगाने हजारो सवलती दिल्या. किलगोर गावात तर एका एकरात २४ मनोरे उभे राहिले. अमर्याद उत्पादनामुळे १९३१ मध्ये भाव पिंपामागे काही सेंटांवर घसरला आणि ऑगस्टमध्ये राज्यपालांनी लष्करी कायदा पुकारून विहिरी बंद करविल्या.

सवलत मिळावी म्हणून मुद्दाम जमिनीचे तुकडे पाडणाऱ्यास अपवादाचा लाभ नाही, असे तत्त्व पुढे रुजले. सर्वसाधारण अंतरही वाढवून विहिरींत १,२०० फूट व हद्दीपासून ४६७ फूट करण्यात आले. १९६५ च्या कायद्याने लहान तुकडे एकत्र करून एकच विहीर घेण्याची आणि उत्पन्न वाटून घेण्याची वाट मोकळी केली. लहान मालकाला विहिरीऐवजी वाटा मिळाला. अंतराचा नियम न्याय्य ठरण्यास ही जोड आवश्यक होती.

भारतात शासनाच्या परवानगीविना तेल काढता येत नाही. त्यामुळे हा प्रश्न शेतकऱ्यांपुढे तेलाच्या रूपाने येत नाही. पाण्याच्या रूपाने मात्र तो गावोगावी येतो. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीविना विहीर घेण्यास महाराष्ट्राच्या १९९३ च्या भूजल कायद्याने मनाई केली. पुढे २००९ च्या कायद्याने त्याची जागा घेतली. भूजल पावसाने पुन्हा भरते, तेल भरत नाही, हा भेद खरा. तथापि शेजाऱ्याने खोल विंधन विहीर घेतली म्हणून आपण त्याहून खोल जाणे ही शर्यत तीच आहे. म्हणून ग्रामपंचायतींनी अंतराच्या नियमाचा आग्रह धरताना, ज्याला विहीर नाकारली जाते त्या लहान शेतकऱ्याच्या पाण्याच्या वाट्याचाही विचार त्याच बैठकीत करावयास हवा. तसे झाले तरच नियम पाळला जाईल.