पूर्वजांचीं लग्नें आणि चर्चच्या वह्या
(ज्युबिलीच्या सभेंत केलेलें भाषण)



पणजोबांचें लग्न कधीं व कोठें झालें, हें विचारीत पुष्कळ जण आमच्याकडे येतात. त्यांच्याकरितां दोन शब्द बोलावे असें आम्हांस वाटतें.

लग्न धर्मगुरु व दोन-तीन साक्षीदार यांच्यासमक्ष व्हावें, आणि वधूवरांचीं व साक्षीदारांचीं नांवें, दिवस व स्थळ हीं धर्मगुरूनें वहींत लिहून ठेवावीं, असें ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं ठरविलें. तेव्हां वसईवर पोर्तुगिजांचा अंमल होता. १७३९ त वसई मराठ्यांनीं घेतली, पुढें इंग्रज आले. राज्यें बदललीं, तरी नियम तोच राहिला.

शोध आपल्यापासून मागें न्यावा: आधीं बापाचें लग्न, मग आजाचें, मग पणजाचें. केवळ नांव जुळलें म्हणून मनुष्य जुळला असें समजूं नये. बापाचें नांव, आळी व साक्षीदारही ताडून पाहावे. बाप्तिस्म्याच्या नोंदीपाशीं लग्नाची टीप करण्याचा सार्वत्रिक नियम १९०८ च्या ईस्टरपासून अमलांत आला. त्यापूर्वींच्या लग्नासाठीं लग्नाचीच वही चाळावी. पूर्वज मुंबईस राहिला असेल, तर एकाच चर्चवर थांबूं नये. तेथें १७९४ पासून १९२८ पर्यंत पाद्रोआदो व प्रोपागांडा असे दोन धर्माधिकार शेजारीं शेजारीं नांदत होते.

आतां मुख्य गोष्ट. वराच्या नांवापुढें कधीं कधीं 'अमकीचा विधुर' असे शब्द आढळतात, आणि वाचणारा चपापतो. कारण घरांत एकच पणजी ठाऊक असते. बाळंतपणांत, पटकींत, किंवा १८९६ सालीं मुंबईंत उद्भवलेल्या प्लेगमध्यें तरुण स्त्रिया जात, आणि पदरीं लहान मुलें असलेला पुरुष पुन्हा लग्न करी. यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. मृत्यूनें पहिलें बंधन सुटल्यावर दुसरें लग्न धर्मास मान्य आहे. खेद व्हावा तो त्या पहिलीच्या विस्मृतीचा. तिची तसबीर नाहीं, गोष्ट नाहीं; तिचीं मुलेंही वाढविणारीलाच आई म्हणत मोठीं झालीं. नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाच्या त्या एका ओळींत मात्र ती आहे.

ती ओळ सांपडली तर मृतांच्या वहींत तिचा दिवस शोधावा, वंशावळींत तिचें नांव लिहावें, आणि घरच्या मृतांसाठीं मिस्सा सांगतांना तेंही नांव सांगावें. कोण जाणे, आपण तिच्याच पोटच्या लेकरांचे वंशज असूं.