मागे घेता येणारे अनुमान



यंत्राने विचार करावा की करू नये, या वादात आज आम्ही शिरत नाही. यंत्राने एकदा काढलेला निष्कर्ष कधी सोडावा, एवढाच आजचा प्रश्न आहे. तो ऐकायला किरकोळ वाटतो. पण एखाद्या आईची जमीन त्यावर अवलंबून असू शकते, हे पुढे दिसेल.

प्रवरेच्या पाटाखालच्या मुलखात उदाहरण दूरचे कशाला शोधावे? भंडारदऱ्याचे आवर्तन सुटल्याची वार्ता आली, की आपण म्हणतो, दोन दिवसांत चारीला पाणी येईल. इतक्यात कोणी सांगतो, वर पाट फुटला आहे. आपण पहिला निष्कर्ष तात्काळ मागे घेतो. मग तिसरा गृहस्थ येतो नि म्हणतो, अहो, ती बातमी मागच्या आवर्तनाची! झाले, पहिला निष्कर्ष पुन्हा उभा राहतो. गंमत अशी, की आवर्तन सुटल्याची वार्ता तिन्ही वेळा खरीच होती. बदलले ते तिच्यावरून काढायचे अनुमान.

भूमितीचे तसे नाही. तेथे सिद्ध झालेला सिद्धान्त नवी माहिती मिळाल्याने कोसळत नाही. आधार वाढले तर निष्कर्ष वाढतील, घटणार मात्र नाहीत. या गुणाला शास्त्रज्ञ मोनोटॉनिक म्हणतात. आणि व्यवहारातले आपले बहुतेक अनुमान नेमके त्याच्या उलट, म्हणजे नॉन-मोनोटॉनिक असते. यंत्राला केवळ भूमितीचा तर्क शिकवून भागत नाही, हे ध्यानी आल्यावर जॉन मॅकार्थी, रेमंड रायटर प्रभृतींनी १९८० च्या सुमारास या दुसऱ्या तर्काचे नियम बांधले. रायटर यांचा नियम साधा आहे: अमुक असेल, आणि विरुद्ध काही ठाऊक नसेल, तर तमुक धरून चालावे. पुढे १९९५ साली फान मिन्ह डुंग यांनी आणखी एक पाऊल टाकले. युक्तिवादाच्या पोटात काय आहे ते क्षणभर विसरा, म्हणाले. कोणता युक्तिवाद कोणावर हल्ला करतो, एवढेच मांडा. ज्याच्यावर हल्ला नाही तो टिकला. त्याने ज्याला पाडले तो गेला. आणि पाडणाराच पडला, तर आधी पडलेला पुन्हा उठला. आपल्या पाटाच्या गोष्टीत हेच घडले.

खरी अडचण पुढेच आहे. दोन युक्तिवाद एकमेकांवर हल्ला करीत असतील, आणि दोघांचे बळ सारखे असेल, तर?

याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. हिंदूंच्या वारशाचे दोन मोठे ग्रंथ. चालुक्यांच्या कल्याणीत विज्ञानेश्वराने लिहिलेली मिताक्षरा, आणि सतराव्या शतकात काशीत नीलकंठ भट्टांनी लिहिलेला व्यवहारमयूख. हे भट्ट घराणे मूळ पैठणचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. आता समजा, बायकापोरे नसलेला मुलगा वारला, आईबाप हयात आहेत. त्याची स्वतंत्र मिळकत कोणाची? मिताक्षरा म्हणते, आधी आई. मयूख म्हणतो, आधी बाप. इंग्रजी अमदानीत मुंबई हायकोर्टाच्या निर्णयांतून असे ठरत गेले, की गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथे विरोध आला तर मयूख वरचढ. रत्नागिरीकडे मिताक्षरा वरचढ. आणि पुणे, खानदेश व आपला अहमदनगर जिल्हा येथे दोघांचे प्रामाण्य समान!

म्हणजे तोच मुलगा, तेच आईबाप, तीच जमीन. सुरतेस पारडे बापाकडे, रत्नागिरीस आईकडे, आणि नगरला काटा मध्येच. न्यायाधीशाला दोन्ही ग्रंथ शक्य तेथवर जुळवून वाचावे लागत. केवळ ग्रंथाचे नाव घेऊन निकाल देता येत नसे.

नैयायिकांनी अशा प्रसंगाला सत्प्रतिपक्ष म्हटले आहे. तुल्यबळ हेतू समोर उभा असेल, तर कोणताच हेतू आपले साध्य सिद्ध करू शकत नाही. डुंग यांच्या पद्धतीतला सावध मार्ग हेच सांगतो: दोन्ही युक्तिवाद अनिर्णीत ठेवा. धाडसी मार्ग म्हणतो, दोन सुसंगत बाजू आहेत, त्यांपैकी कोणतीही एक घेऊन उभे राहता येईल. नैयायिकांनी संगणकाचे शास्त्र आधीच लिहून ठेवले होते, असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. ते हास्यास्पद आहे. पण पेच तोच होता, आणि त्यांनी तो ओळखला होता, एवढे खरे.

हल्लीच्या भाषायंत्रांविषयी दोन शब्द. त्यांचा उलटा दोष संशोधकांनी नोंदवला आहे. विचारणाऱ्याने कारण न देता नुसते ‘चूक आहे’ म्हणून दामटले, तरी ती कधी कधी बरोबर उत्तर सोडून देतात. याला नम्रता म्हणत नाहीत. पाट फुटल्याची बातमी हे मागे हटण्याचे कारण आहे. शेजाऱ्याचा आवाज चढला, हे कारण नव्हे. कोणत्या कारणाने काय पाडले याची नोंद जे यंत्र ठेवत नाही, त्याच्यावर कर्जाचा वा विम्याचा निकाल सोपवला, तर नाकारल्या गेलेल्या माणसाने उत्तर द्यायचे तरी कशाला?

आईबापांचा तो पेच शेवटी पंडितांनी नव्हे, संसदेने सोडवला. हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ पासून लागू झाला. त्यात आई पहिल्या वर्गातली वारस आहे, बाप दुसऱ्या वर्गातला. कायद्याचे नवे कलम आले आणि दोन्ही ग्रंथ या प्रश्नापुरते बाजूला सरले. मात्र त्या तारखेपूर्वी उघडलेल्या वारशाला जुनेच शास्त्र लागू राहते, आणि जुन्या जमिनीचा हक्क शोधत मागे जाणाऱ्याला ते आजही अडते. म्हणून कोणी यंत्रापुढे असे प्रकरण ठेवले, तर त्याने उत्तर देण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: मुलगा कोणत्या तारखेस वारला, आणि कोणत्या जिल्ह्यात?