घाणेरी उपटायची, पण ठराव कोणाचा?

(ग्रामसभांच्या अभ्यास शिबिरात झालेलं भाषण. ज्या गावांना येता आलं नाही त्यांच्यासाठी इथं देत आहोत.)



आजचा विषय ऐकायला जड आहे. शहरात सध्या परिषदा भरतात. कुणी म्हणतं 'परिसंस्था पुनरुज्जीवन', कुणी म्हणतं 'आक्रमक परकीय प्रजातींचं व्यवस्थापन'. तिथं काय चालतं आणि आपल्या गावाचा त्याच्याशी काय संबंध, हे सांगायला मला उभं केलंय.

आपल्या भाषेत सांगते. बिघडलेलं जंगल, तलाव, कुरण पुन्हा नीट करणं म्हणजे पुनरुज्जीवन. आणि दुसऱ्या मुलखातून आलेली, इथलं सगळं दाबून पसरणारी झाडंझुडपं म्हणजे आक्रमक प्रजाती. आपल्याला त्या नावानं नाही, पण रोजच्या ओळखीनं माहीत आहेत. घाणेरी, जिला कुणी टणटणी म्हणतं, कुणी रायमुनिया. रानतुळस, गाजर गवत, तलावातली बेशरम. ह्या चारही अमेरिकेकडच्या.

घाणेरी इंग्रजांच्या काळात आली. १९ व्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या सरकारी बागेत ती शोभेसाठी लावली. तिथून कुंपणाला गेली, कुंपणातून जंगलात. पाखरं फळ खातात, बी टाकतात. जनावरानं पाला खाल्ला तर त्याला बाधतो. तिच्या दाट जाळीखाली गवत येत नाही, मोहाचं रोप उठत नाही. तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्या बाईला जाळीपलीकडे अस्वल आहे का माणूस, ते दिसत नाही. म्हणून हा प्रश्न शास्त्रज्ञांचाच आहे असं समजू नका. हा आपल्या चाऱ्याचा, मोहाचा आणि जिवाचा प्रश्न आहे.

आता परिषदा एवढ्या का वाढल्या? संयुक्त राष्ट्रसंघानं २०२१ ते २०३० हे दशक पुनरुज्जीवनाचं दशक म्हणून जाहीर केलं आहे. मग सप्टेंबर २०२३ मध्ये जर्मनीतल्या बॉन शहरात देशोदेशीच्या सरकारांनी आक्रमक प्रजातींवरचा एक मोठा अहवाल मान्य केला. जगात अशा ३,५०० हून जास्त प्रजाती नुकसान करतात, आणि त्यातल्या २,३०० हून जास्त आदिवासींच्या, मूळनिवासींच्या जमिनींवर आहेत, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे जगभरातले तज्ज्ञ आता आपल्यासारख्यांच्या जमिनीबद्दल बोलत आहेत. नाव निघालं की योजना येते, योजनेमागे पैसा येतो, पैशामागे ठेकेदार येतो. म्हणून आपण आधीच समजून घ्यायला पाहिजे.

मी अशा एका परिषदेला बसून आले. मोठा हॉल, पडद्यावर नकाशे. घाणेरी जिथं जास्त तिथं लाल रंग. रंग बरोबर होते, पण नकाशावर एकाही गावाचं नाव नव्हतं. गावी येऊन हे सांगितलं तर आमच्या गावातल्या एका आजीनं विचारलं, "काहून वो पोरी, आपल्याले जंगलातून हाकलाचं हाय म्हणून तं हे नवं नाव नाही ना काढलं?" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. आजच्या माझ्या सगळ्या बोलण्याचं मूळ तोच प्रश्न आहे.

पण तिथं घेण्यासारखंही होतं, तेही सांगते. आपण घाणेरी कुऱ्हाडीनं, विळ्यानं कापतो. पुढच्या पावसात ती दुप्पट फुटते. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सोबत्यांनी एक साधी पद्धत बसवली. ती उत्तराखंडातल्या कॉर्बेटच्या जंगलात वापरली गेली. खोड आणि मूळ जिथं जुळतात तिथून घाणेरीला नवे फुटवे येतात. म्हणून जमिनीच्या वर कापायचं नाही. माती उकरून, दोन-तीन बोटं खाली, मुख्य मूळ तोडायचं. मग झुडूप उचलायचं आणि मुळं वर, फांद्या खाली असं उलटं ठेवायचं. वाळून मरतं. औषध लागत नाही, मशीन लागत नाही. सब्बल आणि कुदळ पुरते. पावसात माती मऊ असताना, फळ पिकायच्या आधी केलं तर बरं. पुढची दोन-तीन वर्षं मोठ्या झाडांखाली नजर ठेवायची, कारण पाखरं तिथंच बसतात आणि तिथंच नवी रोपं उठतात.

हे तज्ज्ञांकडून घ्यावं. ज्ञान कुणाचंही असो, कामाचं असेल तर घ्यावं.

पण उपटल्यावर काय, ह्या प्रश्नाला तिथं फार वेळ मिळाला नाही. रिकामी जागा रिकामी राहत नाही. घाणेरी काढली आणि काही लावलं नाही, तर रानतुळस येते, नाहीतर घाणेरीच परत येते. ह्याचं उत्तर आपल्या शेजारी आहे. भंडारा-गोंदियाकडच्या जुन्या मालगुजारी तलावांत बेशरम माजली होती, मासे कमी झाले होते. तिथल्या ढिवर समाजाच्या लोकांनी, त्यात बायाही पुढे, बेशरम मुळासकट काढली. तेवढ्यावर थांबले नाहीत. तलावात पूर्वी होत्या त्या पाणवनस्पती आठवून आठवून शोधल्या आणि परत लावल्या. कोणता मासा कोणत्या वनस्पतीत अंडी घालतो हे त्यांना माहीत होतं. मासे परत आले. इथं अभ्यासक सोबत होते, पण काय लावायचं हे मासे धरणाऱ्यांच्या आठवणीतून आलं.

दुसरं उदाहरण कर्नाटकातलं, बिळिगिरी रंगन डोंगरातल्या सोलिगा आदिवासींचं. ते उन्हाळा तापायच्या आधी जमिनीवरचा पालापाचोळा हलक्या आगीनं जाळत. १९७० च्या दशकात तिथं अभयारण्य झालं, आग बंद झाली. त्यानंतर घाणेरी माजली, असं सोलिगांचं म्हणणं आहे. पुढे संशोधकांनीही ते गंभीरपणे घेऊन अभ्यासलं. २०११ मध्ये त्यांच्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. ह्याचा अर्थ आपण जंगलाला आग लावावी असा कुणी घेऊ नका. आपल्याकडच्या वणव्यानं मोहाची, चारोळीची रोपं मरतात, आणि आपल्या ग्रामसभा आग विझवायला राबतात. अर्थ एवढाच की माणसाला बाहेर काढलं म्हणून जंगल सुधरतंच असं नाही. कधी कधी सांभाळणारे हात गेल्यावरच बिघडतं.

आता मुद्द्यावर येते. खाणीसाठी, धरणासाठी एकीकडचं जंगल जातं. त्याच्या भरपाईचा पैसा जमा होतो, आणि २०१६ च्या कायद्यानं त्या पैशाची व्यवस्था लावली आहे. त्यातून दुसरीकडे रोपवन होतं. ते दुसरीकडे म्हणजे कुठं? पुष्कळ वेळा जिथं गावाचा दावा आहे, गुरं चरतात, मोह वेचतात तिथं. 'झुडपी, बिघडलेलं क्षेत्र' असा शिक्का बसला की घाणेरी साफ करायच्या नावानं तार लागते, आत सागाच्या रांगा लागतात. सागाची रांग म्हणजे जंगल नाही. तिथं चारोळी नाही, हिरडा नाही, कांदा-कंद नाही. आणि तारेच्या आत आपल्याला पाय ठेवता येत नाही. म्हणून आजीचा प्रश्न खरा आहे.

ह्याला उत्तर कायद्यात आहे. वनहक्क कायदा, कलम ३(१)(झ): सामूहिक वनसंपत्तीचं संरक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन आणि व्यवस्थापन हा आपला हक्क आहे. पुनर्निर्माण हा शब्द नीट ऐका. शहरात ज्याच्या परिषदा होतात, तेच काम कायद्यानं २००६ मध्येच ग्रामसभेच्या हातात दिलं आहे. कलम ५ नं ग्रामसभेला जंगल आणि जैवविविधता राखायचा अधिकार दिला. नियम ४(१)(ङ) खाली आपली समिती बनते, तिनं आराखडा करायचा, ग्रामसभेनं मंजूर करायचा. वन विभागाच्या आराखड्याशी त्याची सांगड घालताना कोणते बदल लागतील, तेही समितीनंच पाहायचं.

आणि तज्ज्ञांचे स्वतःचे नियमही हेच सांगतात. 'सोसायटी फॉर इकॉलॉजिकल रिस्टोरेशन' ह्या त्यांच्या जागतिक संस्थेनं २०१९ मध्ये आठ तत्त्वं छापली. पहिलं तत्त्व, संबंधित लोकांना कामात सामील करा. दुसरं, अनेक प्रकारच्या ज्ञानाचा आधार घ्या. पुढच्या वेळी कुणी साहेब नकाशा घेऊन आला तर त्याला चहा पाजा आणि विचारा, "दादा, तुमचं पहिलं तत्त्व कुठं आहे?"

मेंढा (लेखा) गावाची रीत तुम्हाला माहीत आहे. देशात सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी ते एक. तिथं अभ्यासगट वेगळा, ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात बाहेरचा जाणकार येतो, बोलतो, वाद घालतो. निर्णय मात्र ग्रामसभा घेते, तोही सर्वसहमतीनं. परिषदेकडेही आपण तसंच बघू. तो एक मोठा अभ्यासगट समजा. तिथं जाऊ, ऐकू, आपलं सांगू. पण तिथं आपल्या जंगलाचा निर्णय होऊ द्यायचा नाही.

तर गावी गेल्यावर चार कामं करा.

एक, पावसाच्या आधी शिवारफेरी काढा. घाणेरी कुठं दाट, कुठं विरळ, हे गावाच्या नकाशावर मांडा. ओढ्याची, टेकडीची नावं आपली लिहा.

दोन, म्हाताऱ्या बायांना विचारा की त्या जागी पूर्वी काय होतं. मारवेल होतं का पवन्या, चार होती का मोह. त्याची यादी करा. तेच बी जमवा.

तीन, विरळ जागेपासून सुरुवात करा. तिथं लवकर हाती येतं. दाट जाळीत एकदम हात घालू नका. तिथं ससे, तितर लपतात. थोडं थोडं काढा.

चार, ठराव लिहा. काम ग्रामसभेचं, मजुरी गावाची, रोजगार हमीत मागणी करायची, आणि ग्रामसभेच्या लेखी संमतीशिवाय आमच्या सामूहिक वनक्षेत्रात कुणीही उपटणार नाही, लावणार नाही, तार ठोकणार नाही. ठरावावर बायांच्या सह्या, अंगठे आधी घ्या. एक प्रत वन विभागाला, एक तहसीलला द्या. पोच घ्यायला विसरू नका.

पावसाळा लांब नाही. ज्या गावाचा ठराव आधी होईल, त्यांनी प्रत इथं पाठवावी, म्हणजे बाकीच्या गावांना ती बघून लिहिता येईल.

जोहार!